खेड्यातल्या शाळेचं वर्ष : नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी कार्यक्रमांची वाटचाल

जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर पहिली नेमणूक झाली की शिकवण्याची तयारी असते, पण कार्यक्रमांची नसते. प्रवेशोत्सव, झेंडावंदन, जयंत्या, क्रीडा स्पर्धा, आनंद मेळावा, सहल, गॅदरिंग हे सगळं पाठोपाठ येतं. प्रत्येकाचं परिपत्रक वेगळं, प्रत्येकाचे फोटो वर पाठवायचे. त्यात पहिली ते चौथीचे वर्ग सांभाळायचे. नवीन माणूस गांगरतो आणि मग कार्यक्रम उरकायला लागतो.

उरकू नका. खेड्यातला पालक शाळेत वर्षातून चार-पाच वेळाच येतो, आणि तो येतो तो याच दिवसांना. आपलं पोरगं माईकसमोर उभं राहिलं का, त्याचं नाव पुकारलं का, एवढंच तो बघतो. म्हणून इथे जे सांगतो आहे ते दोनच गोष्टींभोवती आहे: तारीख गाव बघून धरायची, आणि पटावरच्या प्रत्येक मुलाला काम द्यायचं.

जूनमध्येच गावाचं वेळापत्रक काढा

रुजू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात एक मोठा कागद घ्या, बारा महिन्यांचे रकाने पाडा. मुख्याध्यापक, अंगणवाडीच्या ताई, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष यांना बसवा आणि विचारा: पेरणी कधी उरकते? ग्रामदैवताची जत्रा कोणत्या महिन्यात? आठवडी बाजार कुठल्या वारी, कुठल्या गावाला? माणसं मजुरीला बाहेर कधी जातात? हे सगळं त्या कागदावर आधी लिहा. शासनाच्या तारखा नंतर.

हा क्रम महत्त्वाचा आहे. कोकणात भातलावणी चालू असताना पालकसभा ठेवली तर समोर आजी-आजोबाच बसलेले दिसतात. विदर्भात कापूस वेचणीला घरातली बाईमाणसं सकाळीच रानात जातात. बीडकडच्या आणि पाथर्डी भागातल्या गावांतून ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. तिथे जानेवारी-फेब्रुवारीत गॅदरिंग घेतलं तर ज्या मुलांना रंगमंचाची सगळ्यांत जास्त गरज, नेमकी तीच मुलं उसाच्या फडावर असतात. अशा गावात मुख्य कार्यक्रम दिवाळीआधी घ्या. परिपत्रकात महिना दिलेला नसेल तर तारीख ठरवण्याचा अधिकार शाळेचाच आहे, तो वापरा.

विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा सुरू होते, हेही ध्यानात ठेवा. तिकडे बदली होऊन गेलात तर जून महिन्याचं सगळं गणित पुढे सरकतं.

माणसं ओळखा

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला. कागदावर ही समिती सगळीकडे असते. तिला खरं काम द्यायचं असेल तर बैठकीत 'गॅदरिंग घ्यायचं का' असं विचारू नका, कोण काय करणार हे विचारा. मंडपाचं कोण बघेल? साऊंडवाल्याशी कोण बोलेल? पाण्याचे जार कोण आणेल? नावं ठरावात लिहा आणि बैठकीतच वाचून दाखवा. सगळ्यांसमोर नाव वाचलं गेलं की माणूस काम टाळत नाही.

गावात दोन गट असतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या वर्षी तर ते शाळेच्या फाटकापर्यंत येतात. नवीन शिक्षकाने पहिल्याच वर्षी कोणाच्या ओट्यावर बसून चहा घेतला, हेही गाव लक्षात ठेवतं. यावर उपाय साधा आहे. पाहुण्यांची यादी तुम्ही एकट्याने करायची नाही, समितीने करायची. निमंत्रण सगळ्यांना, लेखी आणि एकाच दिवशी. सरपंच, उपसरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे चेअरमन, माजी अध्यक्ष यांची नावं फळ्यावर लिहिताना क्रम चुकला तर कार्यक्रम बाजूला राहतो आणि मानपान सुरू होतं. तो क्रम मुख्याध्यापकांकडून तपासून घ्या.

सत्काराबद्दल एक आग्रह धरा. नारळ, टॉवेल, टोपी, हार यात अर्धा-पाऊण तास जातो आणि पहिलीची मुलं उन्हात ताटकळतात. पाहुण्यांचं स्वागत मुलांनी बनवलेल्या कागदी फुलाने किंवा एका रोपाने करायचं, असं समितीकडूनच ठरवून घ्या. समितीचा ठराव असला की कोणाला ते शिक्षकाचं आगाऊपण वाटत नाही.

परिपाठ हीच रोजची तालीम

नवीन शिक्षक परिपाठाला दहा-पंधरा मिनिटांचा सोपस्कार समजतात. वर्षभरात जे काही मंचावर दिसतं, ते सगळं खरं तर इथे तयार होतं. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना यांनंतर सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, प्रश्न हा भाग मुलांचा असतो. तो बहुतेक शाळांत चौथीतल्या त्याच दोन-तीन चुणचुणीत मुली वर्षभर करतात.

हे पहिल्याच आठवड्यात मोडा. हजेरीच्या क्रमाने पाळी लावा, तिचा तक्ता वर्गात चिकटवा. पहिलीच्या मुलाला एकच वाक्य द्या: 'आज सोमवार. आज आकाशात ढग आहेत.' दुसरीच्या मुलाने फळ्यावरचा सुविचार वाचायचा. तिसरीच्या मुलाने कालची गावातली बातमी सांगायची, पेपरातली नाही: कोणाची गाय व्यायली, कुठल्या विहिरीला पाणी लागलं, एसटी आली की नाही. ही बातमी मूल न अडखळता सांगतं, कारण ती त्याच्या डोळ्यांसमोरची असते.

घरी कोरकू, गोंडी, भिली, पावरी किंवा अहिराणी बोलणारी मुलं असतील तर आठवड्यातला एक दिवस गोष्ट किंवा बातमी घरच्या बोलीत सांगू द्या. इतका वेळ मान खाली घालून उभं असणारं मूल त्या दिवशी आवाज चढवून बोलतं. मराठीत बोलण्याचं धाडस त्याला तिथूनच मिळतं.

माईक असेल तर तो रोज वापरा. स्वतःचा आवाज मोठा होऊन आला की लहान मूल दचकतं आणि गप्प होतं. गॅदरिंगच्या रात्री हे घडू नये म्हणून ते जुलैतच घडून जाऊ द्या.

शाळापूर्व तयारी मेळावा आणि प्रवेशोत्सव

पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी 'पहिले पाऊल' हा शाळापूर्व तयारी मेळावा होतो. त्यात टेबलं मांडून नोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक व भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि पालकांना मार्गदर्शन असा प्रवास असतो. मूल एकेका टेबलावर जातं, दोरीवरून चालतं, मणी ओवतं, चित्र बघून बोलतं, आणि त्याची नोंद विकासपत्रावर होते. दोन शिक्षकांत इतकी टेबलं कशी सांभाळायची? चौथी झालेली मोठी मुलं, अंगणवाडीच्या ताई आणि शिकलेल्या आया यांना आदल्या दिवशी तासभर बसवून समजावा. नापास-पास काही नाही, मूल आज काय करतं तेवढंच टिपायचं आहे, हे आयांना दोनदा सांगा. नाहीतर आईच पोराच्या हातून पटकन मणी ओवून घेते.

शाळेच्या पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव. बैलगाडी किंवा ट्रॅक्टर सजवून नवागतांची मिरवणूक, दाराला तोरण, औक्षण, रंगात पाय बुडवून कागदावर उमटवलेले ठसे, पाठ्यपुस्तकांचं वाटप, जेवणाला शिरा किंवा खीर. दिसायला हे सुंदर असतं, पण सहा वर्षांच्या मुलाच्या बाजूने बघा. हलगी कानाशी वाजते, अनोळखी माणसं गालाला हात लावतात, कोणीतरी पाय धरून थंडगार रंगात बुडवतं. ते रडतं. मग सगळे हसतात आणि फोटो निघतो.

म्हणून वाजंत्री मिरवणुकीच्या पुढे चांगली लांब ठेवा. मुलासोबत आईला वर्गात येऊ द्या, अर्धा तास बसू द्या. पायाचा ठसा आधी तिसरी-चौथीच्या एखाद्या ताई-दादाचा घ्या, म्हणजे लहानग्याला ते खेळ वाटतं. रंग पाण्याने निघणारा हवा. पाय धुवायला बादली आणि जुना टॉवेल शेजारीच लागतो. ठशाच्या कागदावर नाव आणि तारीख लगेच लिहा. तो कागद जपून ठेवला आणि चौथी संपताना मुलाच्या हाती दिला, तर त्यापेक्षा मोठं बक्षीस शाळेला देता येत नाही.

झेंडावंदन : १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी

हे दोन दिवस चुकून चालत नाहीत. तालुक्याच्या मुख्य ध्वजारोहणाच्या वेळेत इतरांनी कार्यक्रम घेऊ नये असं परिपत्रक येतं, त्यामुळे शाळेचं झेंडावंदन सकाळी लवकर असतं. ग्रामपंचायतीचं वेगळं असतं, ती वेळही आधी जुळवा. मुलं तीच दोन्हीकडे उभी राहतात.

१. आठवडाभर आधी ध्वज कपाटातून काढून उजेडात पसरा. फाटलेला, रंग उडालेला, उंदराने कुरतडलेला ध्वज लावता येत नाही. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२ असावं. खराब झालेला ध्वज कचऱ्यात जात नाही, तो सन्मानाने आणि खाजगीरीत्या नष्ट करायचा असतो.

२. आदल्या दिवशी दोरी आणि वरची कप्पी तपासा. पावसाळ्यात दोरी फुगते आणि कप्पीत अडकते. दोरी नवी घ्यायला फार पैसे पडत नाहीत.

३. केशरी पट्टा वर येतोय ना, हे ध्वज बांधताना दोघांनी बघा, एकाने नाही. घडी घालून सरकगाठ मारा, आत फुलांच्या पाकळ्या ठेवता येतात. रंगीत तालीम साध्या कापडावर करा, म्हणजे पाहुण्यांनी दोरी ओढल्यावर गाठ सुटते की नाही ते आधीच कळतं.

४. मुलांना उपाशी उभं करू नका. पहाटे उठून, न खाता, धुतलेला गणवेश घालून आलेलं मूल प्रभातफेरी करून उन्हात उभं राहिलं की चक्कर येते. फेरीहून आल्यावर सगळ्यांना पाणी आणि बिस्किटं, मग रांगा. लहान मुलं पुढे आणि सावलीच्या बाजूला.

५. राष्ट्रगीत ५२ सेकंदांत पूर्ण व्हायला हवं. घड्याळ लावून आठवडाभर म्हणून घ्या. ओढत म्हणायची सवय लागलेली असते.

६. संध्याकाळी ध्वज कोण उतरवणार त्याचं नाव सकाळीच ठरवा. चढवताना झपकन, उतरवताना सावकाश, आणि जमिनीला लागू न देता.

भाषणांबद्दल. मुलांना पाठ करून दिलेली भाषणं, 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' या एका ओळीनंतर बहुतेकदा अडतात. त्याऐवजी पाच मुलांनी पाच वाक्यं बोलावीत. आपल्या गावात शाळा कधी सुरू झाली, पहिल्या पटावर किती मुलं होती, गावातली कोणी व्यक्ती सैन्यात आहे का, हे मुलांनी विचारून आणायचं आणि सांगायचं. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर उघडून आजोबांचं नाव आणि प्रवेशाची तारीख त्यांच्या नातवाने वाचून दाखवली की समोरची म्हातारी माणसं सावरून बसतात.

जयंत्या आणि दिनविशेष

यादी लांबलचक असते, सगळं तितकंच मोठं करायला गेलात तर शिकवायला दिवस उरत नाहीत. पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावं अशी शिक्षण हक्क कायद्याची अपेक्षा आहे. तेव्हा बहुतेक दिनविशेष परिपाठातच प्रतिमापूजन आणि एका गोष्टीत संपवा. वर्षातले चार-पाच निवडा आणि त्यांना पूर्ण वेळ द्या.

माझी निवड सांगतो. १५ ऑक्टोबर, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी भाषण नको, पुस्तकं पेटीतून काढून झाडाखाली सतरंजीवर पसरा आणि वाचा, शिक्षकांनीही. ७ नोव्हेंबर, विद्यार्थी दिवस: १९०० साली याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा साताऱ्याच्या शाळेत प्रवेश झाला. मुलांना 'तुझा शाळेतला पहिला दिवस' सांगायला लावण्यासाठी याहून योग्य दिवस नाही. ३ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती: १८३१ साली सातारा जिल्ह्यातल्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावात त्या जन्मल्या. गावात पहिल्यांदा शाळेत गेलेल्या बाईला शोधून बोलवा. ती बहुतेक कोणाची तरी आजी असते आणि तिला शाळेने याआधी कधी खुर्ची दिलेली नसते. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, तेव्हा आजीकडून म्हणी, कोडी, ओव्या गोळा करून वही बनवता येते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन लागूनच येतो, छोटे प्रयोग दुसऱ्या दिवशी घ्या.

आषाढीला दिंडी काढतात. मुलं विठ्ठल-रखुमाई होतात, गाव कौतुकाने बघतं. शाळेत सगळ्या धर्मांची मुलं असतात, म्हणून तिला वृक्षदिंडी आणि ग्रंथदिंडीची जोड द्या: पालखीत पुस्तकं, डोक्यावर रोपं. सगळी मुलं मनापासून चालतात.

बाल आनंद मेळावा

माझ्या मते शाळेच्या वर्षातला हा सगळ्यांत कामाचा दिवस. मुलं दुकानं मांडतात, गाव गिऱ्हाईक होतं. एका दिवसात बेरीज, वजाबाकी, वजन-मापं, बोलणं, ऐकणं, हिशोब हे सगळं खऱ्या पैशांनी होतं. पण तो नुसता खाऊचा बाजार झाला तर यातलं निम्मं हातचं जातं.

तारीख ठरवताना आठवडी बाजाराचा दिवस टाळा, त्या दिवशी बायका बाजारात असतात. भाजीपाल्याचा हंगाम असलेला डिसेंबर-जानेवारी बरा. आठवडाभर आधी वर्गात विचारा, कोण काय विकणार. सगळ्यांनी भेळ आणि वडापाव ठरवला तर कोणाचंच विकलं जात नाही. फळ्यावर यादी करा आणि मुलांनाच विचारा, 'अकरा भेळवाले आणि गिऱ्हाईकं तीच, तर काय होईल?' मागणी-पुरवठ्याचा धडा तिथे आपोआप होतो.

ज्यांच्या घरी भांडवल नाही त्यांच्याकडे लक्ष द्या. रानातल्या चिंचा, बोरं, आवळे, शेवग्याच्या शेंगा, परसातली मेथी-कोथिंबीर यांना पैसा लागत नाही. शेतमजुराच्या पोराने बोरांची पाटी घेऊन बसणं हे भेळीच्या दुकानाइतकंच मानाचं आहे, हे तुमच्या वागण्यातून दिसू द्या. पहिलं गिऱ्हाईक तुम्ही त्याचं व्हा. कोणाला थोडं भांडवल लागलंच तर शिक्षकांनी किंवा समितीने पन्नास रुपये उसने द्यावेत आणि संध्याकाळी हिशोबाने परत घ्यावेत. परत घेणं महत्त्वाचं, त्यातच शिकणं आहे.

तेलाची कढई आणि गॅस मुलांच्या हाती नको. तळण घरून आणायचं किंवा पालकाने तळायचं. पाच-दहाची नाणी आधीच जमवून ठेवा, नाहीतर सुट्ट्यांवाचून सगळा बाजार अडतो. शाळेच्या टेबलावर 'सुट्टे मिळतील' अशी पाटी लावून चौथीच्या दोघांना बसवा, ती बँक झाली.

दुसऱ्या दिवशीचा तास मात्र सोडायचा नाही. प्रत्येकाने वहीत लिहायचं: सामानाचा खर्च, विक्री, उरलेला माल, नफा किंवा तोटा. समजा भेळीला १८० रुपये लागले आणि दहा रुपयांच्या ३० प्लेटा गेल्या, तर ३०० मधून १८० वजा जाऊन १२० उरले. मूल खूश होतं. मग विचारा, 'कांदा कोणी चिरला? चिंचेचं पाणी कोणी केलं? तिची मजुरी धरली का?' वर्ग शांत होतो आणि वहीत एक नवी ओळ वाढते: आईची मजुरी. घरी जाऊन मुलं ही गोष्ट आईला सांगतात. पुढच्या पालकसभेत तीच आई पहिल्या रांगेत बसलेली दिसते.

खेळ आणि सहल

क्रीडा स्पर्धा आधी केंद्रावर (आसपासच्या शाळांचा गट), मग बीट (काही केंद्रांचा मिळून गट), तालुका आणि जिल्ह्यावर जातात. कबड्डी, खो-खो, लंगडी, धावणे, लांब उडी, लेझीम, समूहगान. लहान शाळेत तीच चार मुलं सगळ्यांत असतात. एका मुलाला दोनच प्रकार, असा नियम शाळेपुरता करा. केंद्रावर जाताना गाडीत कोंबून मुलं नेऊ नका, दोन फेऱ्या झाल्या तरी चालतील. पालकांचं संमतिपत्र, मुलींसोबत बाई किंवा एखादी आई, पाणी, प्रथमोपचार पेटी आणि नखं कापलेली, एवढं बघा. हरून आलेल्या संघाचंही परिपाठात नाव घेऊन स्वागत करायचं.

सहलीचा प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत वर जातो, मंजुरीशिवाय निघू नका. शालेय सहलीला एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देते, पण आगारात अर्ज बराच आधी द्यावा लागतो. समुद्र, धरण, खोल विहीर, कडा अशी ठिकाणं प्राथमिकच्या मुलांसाठी घेऊच नका. पहिली-दुसरीसाठी तालुक्याचं पोस्ट, बँक, रोपवाटिका, एसटीचं आगार पुरतं. ज्याच्याकडे पैसे नाहीत ते मूल घरी राहणार असेल तर ती सहल रद्द करून जवळची काढावी, या मतावर मी ठाम आहे.

गॅदरिंग

गावात याला स्नेहसंमेलन कोणी म्हणत नाही, गॅदरिंगच. याची तयारी दीड महिना आधी धरा, पण तालमी शेवटच्या तासिकेतच. सकाळपासून गाणी वाजायला लागली की पंधरा दिवस वाचन-गणित बंद पडतं आणि तो खड्डा मार्चपर्यंत भरत नाही. नाटिकेचे संवाद भाषेच्या तासाला मुलांकडूनच लिहून घ्या, तोही अभ्यासच आहे.

गाणी निवडताना मोबाईलवर जे गाजतंय ते मुलं सुचवतील. आठ वर्षांच्या मुलीला सिनेमातल्या मोठ्या बाईचे हावभाव करायला लावू नका. गावात पुरेसं आहे: लेझीम, भारूड, गोंधळ, पोवाडा, कोळीगीत, शेतकरी नृत्य, पालघरकडे वारल्यांचा तारपा, जात्यावरच्या ओव्या. वाजवणारी माणसंही गावातच मिळतात. भजनी मंडळातला पखवाजवाला आणि हलगीवाला मुलांमागे बसला तर साऊंडवरचं गाणं मध्येच बंद पडण्याची भीती राहत नाही, आणि वीज गेली तरी कार्यक्रम चालतो.

मग पट समोर घ्या आणि एकेका नावापुढे काम लिहा. एकही नाव रिकामं राहता कामा नये. जे मूल बोलत नाही त्याला पडदा, घंटा, नेपथ्य, समूहनृत्यातली जागा. दिव्यांग मूल कोपऱ्यात कौतुकापुरतं नको, इतरांच्या बरोबरीने रांगेत हवं. नृत्याची रचना त्याला जमेल अशी बदला. निवेदन शिक्षकांनी करायचं नाही, तिसरी-चौथीच्या मुलांनी करायचं. कार्यक्रमाच्या मधोमध एक तरी असा भाग ठेवा ज्यात मुलं मोठ्याने वाचतात, पाढे म्हणतात, पालकाने दिलेलं गणित मंचावर सोडवतात. गावाला शाळेत काय शिकवतात ते दाखवायची वेळ तीच.

वेशभूषा घरातल्या कपड्यांतून व्हावी. भाड्याच्या ड्रेसची सक्ती केली की आदल्या दिवशी चार-पाच मुलं 'पोटात दुखतंय' म्हणून घरी राहतात. आईचं लुगडं, आजोबांचा फेटा, काकाचं उपरणं यांत मूल अधिक खरं दिसतं.

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही, म्हणून कार्यक्रम संध्याकाळी सहाला सुरू करा. पहिली-दुसरीचे कार्यक्रम सुरुवातीला, नाहीतर ती मुलं रंग लावलेल्या तोंडानेच आईच्या मांडीवर झोपतात. मंचाच्या मागे वायरी उघड्या नकोत, पायऱ्यांवर उजेड हवा, आणि एका बाईचं काम फक्त मुलींच्या कपडे बदलण्याच्या खोलीशी थांबण्याचं.

आता बक्षिसांचं. नाच आवडला की पालक मंचाजवळ येऊन दहा, पन्नास, शंभर रुपये देतात आणि माईकवर नाव पुकारावं अशी अपेक्षा असते. यातून लहान शाळेलाही चांगली रक्कम मिळते, ती नाकारू नका. मात्र गाण्याच्या मध्येच नावं पुकारली की मुलांचा ठेका चुकतो. मंचाच्या बाजूला टेबल मांडा, वही आणि पावतीपुस्तक घेऊन समितीचे दोघे बसवा, आणि दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत नावं वाचा. दहा रुपये देणाऱ्याचं नावही पाचशेवाल्याइतक्याच स्पष्ट आवाजात. आदल्या दिवशी रोजंदारी करून आलेल्या बाईने दिलेली दहाची नोट असते ती.

पैसा, फोटो, नोंदी

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला पटाप्रमाणे संयुक्त अनुदान येतं: ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००. वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता हे सगळं त्यातच बसवायचं असतं, कार्यक्रमांवर ते संपवू नका. कार्यक्रम लोकसहभागावर चालतात. मुलांकडून ठरावीक वर्गणी मागायची नाही. जे येईल त्याची पावती, आणि कार्यक्रमानंतर आठ दिवसांत जमा-खर्चाचा कागद शाळेच्या दर्शनी भिंतीवर. तो कागद एकदा लागला की पुढच्या वर्षी मागावं लागत नाही, लोक आपणहून विचारायला येतात, यंदा काय कमी आहे म्हणून.

फोटो वर पाठवावे लागतात, पण मुलांना फोटोसाठी पुन्हा पुन्हा उभं करू नका. एका माजी विद्यार्थ्याला मोबाईल देऊन टाका. मुलांचे फोटो सगळीकडे टाकण्याआधी पालकांना विचारा, वर्षाच्या सुरुवातीला पालकसभेतच संमती घेतली की काम सोपं होतं. रडणाऱ्या, मार लागलेल्या, कपडे बदलणाऱ्या मुलाचा फोटो कुठेच जाणार नाही, हे साऊंडवाल्या पोरालाही सांगून ठेवा.

आणि एक उपक्रम वही ठेवा, शासनाच्या नोंदींपलीकडची. प्रत्येक कार्यक्रमानंतर त्याच संध्याकाळी अर्धं पान लिहा: किती पालक आले, कोणत्या मुलाला काम मिळालं नाही, साऊंडवाल्याचा नंबर आणि भाव, मंडपाचं सामान कोणाच्या घरी ठेवलंय, काय कमी पडलं, पुढच्या वर्षी तारीख कुठे सरकवायची. तुमची बदली झाली की ही वही तुमच्या जागी येणाऱ्या शिक्षकाच्या हाती द्या, आणि तिच्यात पहिल्या पानावर जूनमध्ये काढलेलं गावाचं वेळापत्रक चिकटवलेलं असू द्या.